मॉरिस प्रेंडरगास्ट : रोमच्या बागेतले ऊन



चित्रकारांची ओळख करून द्यायची म्हटले की व्हॅन गॉग, सेझान, गोगँ ही नावे आपण हमखास घेतो. त्यांच्याच वाटेने, पण अमेरिकेत राहून चाललेल्या एका चित्रकाराची ओळख आम्ही या वेळी करून देत आहोत. त्यांचे नाव मॉरिस प्रेंडरगास्ट. अमेरिकेच्या कलेच्या इतिहासात हे नाव मानाने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे कानावर पडत नाही. रोममधील पिंचिओ टेकडीवरच्या बागेचे त्यांनी १८९८ साली केलेले जलरंगातील चित्र आज वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शन या संग्रहालयात आहे. त्या चित्रातले ऊन शंभराहून अधिक वर्षांनंतरही ताजे वाटते. ते काढणाऱ्या माणसाचे आयुष्य मात्र तितके उन्हाचे नव्हते. म्हणूनच ते जाणून घेण्यासारखे आहे.

बालपण आणि दुकानातील नोकरी

मॉरिस यांचा जन्म १० ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स या बंदराच्या गावी झाला. न्यूफाउंडलंड आज कॅनडात आहे. त्या काळी ती इंग्रजांची स्वतंत्र वसाहत होती. वडिलांचा तेथे छोटा व्यापार होता, तर आईचे माहेर बॉस्टनचे. मॉरिसला ल्यूसी नावाची जुळी बहीण होती. धाकटा भाऊ चार्ल्स १८६३ साली जन्मला. या भावाचे नाव पुढे वारंवार येणार आहे, कारण त्याच्यावाचून मॉरिस यांचे चरित्र सांगताच येत नाही.

वडिलांचा धंदा बसला आणि १८६८ साली कुटुंब बॉस्टनला आले. घरची परिस्थिती बेताची. चौदाव्या वर्षाच्या सुमारास मॉरिसची शाळा सुटली आणि तो कापडाच्या दुकानात कामाला लागला. काम कसले, तर गिऱ्हाइकाने घेतलेला माल कागदात गुंडाळून दोरीने बांधून द्यायचा. पुढे हात चांगला आहे असे पाहून त्याला दुकानांसाठी पाट्या रंगवण्याचे काम मिळाले. मालाचे नाव, किंमत, सवलतीची जाहिरात असे सगळे ठळक अक्षरांत आणि भडक रंगांत लिहायचे. आपल्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर असत, तसलाच हा व्यवसाय.

हे काम त्यांनी बरीच वर्षे केले. कलेचे शिक्षण घ्यायला ना पैसा होता, ना वेळ. पण वही आणि पेन्सिल कायम जवळ असे. सुट्टीच्या दिवशी ते गावाबाहेर जाऊन चित्रे काढत. आयुष्यभर ही सवय सुटली नाही. त्यांच्या कितीतरी रेखाटनवह्या आज बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत.

पाट्या रंगवण्यात त्यांची वर्षे वाया गेली असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. पाटी लांबून दिसली पाहिजे. रंग सपाट आणि स्वच्छ लागला पाहिजे. एका रंगाशेजारी दुसरा कोणता ठेवला की दोन्ही उठून दिसतात, हे पाटी करणाऱ्याला चांगले ठाऊक असते. मॉरिस यांच्या पुढच्या चित्रांत हे सारे गुण दिसतात.

पॅरिसची तीन वर्षे

१८८६ साली मॉरिस आणि चार्ल्स हे दोघे भाऊ गुरे वाहून नेणाऱ्या बोटीतून अटलांटिक ओलांडून इंग्लंडला जाऊन आले. युरोप प्रत्यक्ष पाहिल्यावर तेथे शिकायचेच, हा निश्चय पक्का झाला. पैसे साठवायला आणखी काही वर्षे गेली. अखेर १८९१ साली मॉरिस पॅरिसला पोहोचले, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. वर्गातील बरेच विद्यार्थी त्यांच्याहून लहान होते.

अकादमी कोलारोसी आणि अकादमी ज्युलियन या दोन खासगी संस्थांत त्यांनी शिक्षण घेतले. तेथे मॉडेल समोर बसवून माणसाची आकृती अचूक रेखाटण्याचे धडे मिळत. पण त्यांचे खरे शिक्षण झाले ते रस्त्यावर. जेम्स विल्सन मॉरिस हा कॅनडाचा चित्रकार त्यांचा मित्र झाला. दोघे जण तळहाताएवढ्या लाकडी फळ्या घेऊन कॅफेत किंवा रस्त्याकडेला बसत आणि समोरून जाणारी माणसे झटपट रंगवत. वाऱ्याने उडणारा झगा, रस्ता ओलांडणारी बाई, टोपी सावरणारा गृहस्थ हे सगळे क्षणात नाहीसे होणार, म्हणून हात भराभर चालला पाहिजे.

त्या काळच्या पॅरिसमध्ये चित्रकलेत मोठी उलथापालथ चालू होती. मोने, पिसारो वगैरे दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी स्टुडिओ सोडून उघड्यावर चित्रे काढायला सुरुवात केली होती. प्रकाश जसा डोळ्यांना दिसतो तसा रंगाच्या तुटक फटकाऱ्यांनी पकडायचा, हा त्यांचा मार्ग होता. त्यांच्यानंतर आलेल्यांना तेवढ्याने समाधान वाटेना. सेझान यांना चित्राची बांधणी भक्कम हवी होती. व्हॅन गॉग आणि गोगँ यांना रंगांतून मनातला भाव सांगायचा होता. सेरा यांनी तर रंगाचे ठिपके शास्त्रीय पद्धतीने मांडले. या सर्वांना मिळून पुढे उत्तर दृक्प्रत्ययवादी असे नाव मिळाले. हे नाव रॉजर फ्राय या इंग्रज कलासमीक्षकाने १९१० साली लंडनमध्ये भरवलेल्या प्रदर्शनामुळे रूढ झाले. मॉरिस प्रेंडरगास्ट हे अमेरिकेतील अगदी पहिल्या काही उत्तर दृक्प्रत्ययवादी चित्रकारांपैकी एक.

१८९४ साली ते बॉस्टनला परतले आणि चार्ल्सबरोबर राहू लागले. पुढची तीन-चार वर्षे त्यांनी बॉस्टनमधील उद्याने, धक्के आणि समुद्रकिनारे रंगवले. १८९६ साली बॉस्टनजवळचा रिव्हिअर बीच हा किनारा सर्वसामान्यांसाठी खुला झाला. अमेरिकेतील तो पहिला सार्वजनिक समुद्रकिनारा मानला जातो. गिरण्यांत आणि दुकानांत राबणारी माणसे रविवारी बायकामुलांसह तेथे जाऊ लागली. लहानपणापासून राबलेल्या मॉरिस यांना सुट्टीच्या दिवसाची किंमत चांगली माहीत होती. सुट्टीचा आनंद घेणारी माणसे हा त्यांच्या चित्रांचा विषय झाला आणि तो शेवटपर्यंत टिकला.

याच काळात त्यांनी मोनोटाइप या प्रकारात बरेच काम केले. धातूच्या पत्र्यावर तैलरंगात चित्र काढायचे, त्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि मागून घासून छाप उठवायचा. एका चित्राचा एकच चांगला छाप मिळतो. मॉरिस यांच्याकडे छापयंत्र नव्हते. खोलीतल्या जमिनीवर बसून ते कागदाची पाठ मोठ्या चमच्याने घासत. अशा रीतीने त्यांनी सुमारे दोनशे मोनोटाइप केले. साधने नाहीत म्हणून काम अडले, असे त्यांच्या बाबतीत कधी झाले नाही.

इटलीचा प्रवास

सारा चोएट सिअर्स या बॉस्टनमधील एक श्रीमंत बाई स्वतः चित्रकार आणि छायाचित्रकार होत्या. त्यांना मॉरिस यांचे काम आवडले. त्यांच्या आर्थिक मदतीने मॉरिस १८९८ साली इटलीला गेले. हा मुक्काम सुमारे दीड वर्षाचा झाला. त्यातला बराच काळ ते व्हेनिसमध्ये होते. सिएना, असिसी, रोम आणि काप्री येथेही ते गेले.

व्हेनिसमध्ये त्यांनी कार्पाच्चिओ या पंधराव्या-सोळाव्या शतकातील चित्रकाराची भव्य चित्रे पाहिली. मिरवणुका, झेंडे, पूल, गच्च्या आणि त्यांवर दाटीने उभी असलेली नटलेली माणसे असे त्या चित्रांचे स्वरूप. एवढी गर्दी असूनही चित्रात गोंधळ होत नाही. गर्दीला शिस्तीत कसे बसवायचे हे मॉरिस त्यांच्याकडून शिकले. पावसात पुलावरून चाललेल्या रंगीबेरंगी छत्र्यांचे त्यांचे १८९९ सालचे व्हेनिसचे चित्र प्रसिद्ध आहे. ते आता बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. व्हेनिसच्या चर्चमधील जुन्या मोझेइकचाही त्यांना नाद लागला. काचेचे आणि चिनी मातीचे तुकडे जोडून त्यांनी स्वतःही एक मोझेइक केले. छोटे छोटे रंगीत तुकडे शेजारी ठेवून चित्र उभे करायचे, ही गोष्ट त्यांच्या हाताला तेव्हापासून लागली.

आणि मग रोम.

पिंचिओची बाग

रोम शहरात पियाझ्झा देल पोपोलो नावाचा एक प्रशस्त चौक आहे. त्याच्या पूर्वेला जी टेकडी उठते ती पिंचिओ. प्राचीन रोमन लोक तिला बागांची टेकडीच म्हणत, कारण लुकुल्लससारख्या धनवंतांच्या बागा त्या भागात होत्या. आजची बाग मात्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. जुझेप्पे वालादिएर या वास्तुकाराने तिची आखणी केली. खालच्या चौकातून टेकडीवर चढणारे वळणदार रस्ते, त्यांना आधार देणाऱ्या भिंती, वर मोठी गच्ची आणि मागे झाडांच्या रांगा अशी तिची रचना आहे. रस्त्यांच्या कडेने इटलीतील थोर पुरुषांचे दोनशेहून अधिक अर्धपुतळे आहेत. पाण्याच्या जोरावर चालणारे एक जुने घड्याळही तेथे आहे. गच्चीवरून पश्चिमेकडे पाहिले की सेंट पीटर चर्चचा घुमट दिसतो.

हे सार्वजनिक उद्यान होते. पूर्वी अशा बागा सरदारांच्या आणि धर्मगुरूंच्या असत आणि त्यांना उंच कुंपणे असत. पिंचिओवर मात्र कोणीही जाऊ शके. दुपार कलली की श्रीमंतांच्या घोडागाड्या रांगेने वर येत. पायी येणारेही तितकेच असत. सावकाश चढायचे, वर वारा खायचा, ओळखीच्यांना नमस्कार करायचा आणि मावळता सूर्य पाहून परतायचे, असा रोमकरांचा परिपाठ होता.

चाळिशीला टेकलेले मॉरिस तेथे आपला रंगांचा डबा घेऊन गेले. या टेकडीची त्यांनी एकाहून अधिक चित्रे केली. फिलिप्स संग्रहालयातील चित्र आकाराने मोठे नाही. साधारण एकवीस इंच उंच आणि सत्तावीस इंच रुंद, म्हणजे भिंतीवरच्या एखाद्या नकाशाएवढे. आधी पेन्सिलीने रेखाटन करून त्यावर जलरंग दिलेला आहे.

या चित्रात मॉरिस यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. रोममध्ये येणारा प्रवासी घुमट पाहतो, भग्न अवशेष पाहतो, पुतळे पाहतो. मॉरिस यांनी त्यांतले काहीच मुख्य केले नाही. त्यांनी चढाचा रस्ता आणि त्यावरची माणसे घेतली. गाड्यांची रांग, छत्र्या घेऊन चालणाऱ्या स्त्रिया आणि चढाच्या भिंती यांनी चित्र भरून गेले आहे. कोणाचाही चेहरा नीट काढलेला नाही. डोळे, नाक, ओठ यांच्या जागी रंगाचा एक ठिपका असतो. तरीही कोण घाईत आहे, कोण रेंगाळते आहे, हे आपल्याला कळते, कारण शरीराचा डौल अचूक पकडलेला आहे. रस्ता वर चढतो त्याबरोबर आपली नजरही चढत जाते. आकाशाला त्यांनी फारशी जागा दिलेली नाही. ऊन आहे ते जमिनीवर, भिंतींवर आणि कपड्यांवर.

हे ऊन कसे आणले? चित्रकलेच्या तासाला ज्यांनी जलरंग हाताळला आहे त्यांना ही अडचण माहीत असेल. पोस्टर रंगात किंवा तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा रंग देता येतो. जलरंग पारदर्शक असतो. गडद रंगावर फिका रंग दिला तर तो दिसतच नाही. मग पांढरी छत्री काढायची कशी? ती काढायचीच नाही. तेवढा कागद कोरा ठेवायचा आणि भोवतीचा भाग रंगवायचा. म्हणजे सर्वांत उजळ जागा कोणत्या, हे ब्रश उचलण्याआधीच ठरवावे लागते. मॉरिस यांच्या चित्रांतले ऊन पुष्कळदा कोरा कागदच असतो. शेजारी निळी किंवा जांभळी सावली आली की तो कागद उन्हासारखा तळपू लागतो. रंगही ते घोटून घोटून लावत नाहीत. ओला ब्रश टेकवायचा, रंगाचा थेंब जिथे साचला तिथे वाळू द्यायचा आणि पुढे जायचे. त्यामुळे चित्र झटपट केल्यासारखे वाटते, पण त्यामागे वीस-पंचवीस वर्षांचा सराव होता.

दुसऱ्यांचा माल बांधून देण्यात ज्याचे बालपण गेले, त्याने या श्रीमंत गाड्यांकडे असूयेने पाहिले असते तर नवल नव्हते. गाडीतल्यांची हुजरेगिरी करणारे चित्र काढले असते तर ते चटकन खपले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. गाडीतला माणूस आणि पायी चालणारा माणूस या दोघांनाही त्यांनी तोच प्रकाश दिला आणि चित्रात त्यांची योग्यता सारखीच ठेवली. या चित्राचे मोठेपण आम्हांला तेथे वाटते.

यश, आणि ऐकू न येणे

१८९९ च्या अखेरीस मॉरिस बॉस्टनला परतले. इटलीची जलरंगातील चित्रे लोकांना फार आवडली. १९०० साली न्यूयॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीत त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. १९०१ साली बफेलो येथील मोठ्या प्रदर्शनात त्यांना पदक मिळाले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची चित्रे त्यांनी याच सुमारास केली. बाकांवर बसलेली माणसे, त्यांच्या मागे घोडेस्वार आणि त्यांच्याही मागे गाड्या अशा एकावर एक रांगा त्यांत दिसतात. पिंचिओच्या चढावर जे साधले होते तेच येथे अधिक आटोपशीरपणे आले आहे.

पण याच वर्षांत एक संकट हळूहळू जवळ येत होते. त्यांना ऐकू येणे कमी होऊ लागले. १९०५ च्या सुमारास ते जवळजवळ पूर्ण बहिरे झाले. समोरच्याचे ओठ पाहून आणि कागदावर लिहून संभाषण चालवावे लागे. स्वभावाने ते आधीच संकोची होते. आता लोकांत मिसळणे आणखी कठीण झाले. अशा वेळी चार्ल्स हाच त्यांचा आधार होता. चार्ल्स लाकडावर कोरीव काम करून सोनेरी मुलाम्याच्या चौकटी बनवत असे. पुढे तो स्वतःही नावाजलेला कलावंत झाला. चार्ल्सच्या चौकटी आणि मॉरिसची चित्रे यांवर दोघांचा संसार चाले. मॉरिस यांनी लग्न केले नाही. दोघे भाऊ अखेरपर्यंत एकत्र राहिले.

गर्दी हा ज्याचा विषय, त्याला गर्दीचा आवाज ऐकू येईनासा झाला. चाकांची घरघर, मुलांचा कल्ला, बँडचे सूर सगळे थांबले. तरी त्यांनी विषय बदलला नाही. बागा, किनारे आणि सुट्टीची माणसे ते रंगवतच राहिले.

सोपी वाट सोडली

इटलीसारखी जलरंगातील चित्रे खपत होती. तशीच आणखी काढत राहिले असते तर मॉरिस यांचे आयुष्य सुखाने गेले असते. पण १९०७ साली ते पुन्हा पॅरिसला गेले. आदल्याच वर्षी सेझान वारले होते आणि त्यांची चित्रे ठिकठिकाणी दाखवली जात होती. ती पाहून मॉरिस भारावून गेले. तेव्हा ते पन्नाशीच्या जवळ आले होते. नाव झाले होते. तरी विद्यार्थ्यासारखे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. रंग अधिक जाड झाले, आकार अधिक सपाट झाले आणि खरे दिसण्यापेक्षा चित्राची वीण महत्त्वाची झाली. एकेका तैलचित्रावर ते वर्षानुवर्षे काम करू लागले.

१९०८ च्या फेब्रुवारीत मॅकबेथ गॅलरीत आठ चित्रकारांचे एक प्रदर्शन भरले. प्रस्थापित कला अकादमीच्या परीक्षकांवर नाराज होऊन रॉबर्ट हेन्री यांच्या पुढाकाराने हे आठ जण एकत्र आले होते. त्यांतले बहुतेक जण शहरातील गल्ल्या आणि कामगार वस्त्या काळसर रंगांत रंगवणारे. त्यांच्या जोडीला मॉरिस यांची चमकदार किनाऱ्यांची चित्रे अगदी वेगळी दिसली. काही समीक्षकांनी त्यांची चेष्टा केली. रंगाच्या कारखान्यात स्फोट व्हावा तशी ही चित्रे आहेत, असे एकाने लिहिले. मॉरिस यांनी वाद घातला नाही आणि रंगही फिके केले नाहीत.

१९११ साली ते पुन्हा व्हेनिसला गेले, पण तेथे आजारी पडले आणि शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये सैन्याच्या एका शस्त्रागाराच्या इमारतीत आधुनिक कलेचे प्रचंड प्रदर्शन भरले. ते आर्मरी शो या नावाने ओळखले जाते. युरोपातील नवी कला अमेरिकेतील सामान्य प्रेक्षकांनी तेथे प्रथमच एवढ्या प्रमाणात पाहिली. मॉरिस यांच्या सात कलाकृती त्यात होत्या. आता पाहणाऱ्यांच्या लक्षात आले की ज्या रंगांची आपण थट्टा केली ते युरोपात कधीच रुजलेले आहेत आणि हा बहिरा, अबोल माणूस ते कित्येक वर्षांपूर्वीच घेऊन आला होता.

१९१४ साली दोघे भाऊ बॉस्टन सोडून न्यूयॉर्कला वॉशिंग्टन स्क्वेअरला राहायला गेले. तेथे जॉन क्विन, अल्बर्ट बार्न्स, डंकन फिलिप्स अशा जाणत्या संग्राहकांनी त्यांची चित्रे घेतली. वयाच्या छप्पन्न-सत्तावन्नाव्या वर्षी मॉरिस यांना पैशांची चिंता प्रथमच कमी झाली.

अखेरची वर्षे

व्हेनिसच्या एका पुलाचे तैलचित्र मॉरिस यांनी इटलीच्या पहिल्या दौऱ्यात सुरू केले होते. ते त्यांच्याजवळच राहिले. वीसहून अधिक वर्षांनी, १९२२ साली, त्यांनी त्यावर पुन्हा ब्रश चालवला आणि मगच ते हातावेगळे केले. ते चित्रही फिलिप्स संग्रहालयातच आहे. तरुणपणीचा डोळा आणि म्हातारपणीचा हात असे दोन्ही त्यात दिसते. पिंचिओच्या जलरंगात असे करणे शक्यच नव्हते. एकदा कोरा सोडलेला कागद कोराच राहतो. म्हणून ती रोममधली दुपार १८९८ साली जशी होती तशीच आपल्यापुढे आहे. एकाच माणसाची ही दोन चित्रे एकाच संग्रहालयात आहेत, हा चांगला योग म्हणायचा.

१९२३ च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीने त्यांना पदक आणि पारितोषिक दिले. तोपर्यंत प्रकृती पार ढासळली होती. १ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्क येथे पासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९३४ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे स्मृतिप्रदर्शन भरवले. चार्ल्स १९४८ पर्यंत जगले. त्यांच्या पत्नीने दोघा भावांच्या कलाकृती आणि कागदपत्रे जपली आणि पुढे त्यांतला मोठा भाग मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स कॉलेजच्या संग्रहालयाकडे गेला. या दोन भावांच्या कामाचा सर्वांत मोठा संग्रह आज तेथे आहे.

आपल्यासाठी

या चरित्रातून परिस्थितीवर मात, चिकाटी वगैरे गुण तुम्हीच शोधून काढाल, त्यावर आम्ही वेगळे लिहीत नाही. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. मॉरिस यांनी आयुष्यभर जे रंगवले ते सर्वांना दिसणारे होते. सार्वजनिक बाग, समुद्रकिनारा, पूल, रविवारची संध्याकाळ. त्यांच्या चित्रांत कोणी राजा नाही, कोणती लढाई नाही. रोमसारख्या शहरातसुद्धा त्यांनी फिरायला निघालेली माणसेच निवडली. चित्राला मोठा विषय लागतो, या समजुतीने आपल्यातील अनेक जण स्पर्धेसाठी न पाहिलेल्या गोष्टी काढत बसतात आणि रोजच्या रस्त्यावरची माणसे तशीच राहून जातात.

येत्या सुट्टीत एक लहान वही आणि पेन्सिल घेऊन आपल्या गावातील बागेत तासभर बसून पाहा. चेहरे काढू नका. कोण कसे चालते, कोण कसे बसते एवढेच टिपा. घरी आल्यावर त्यातले एखादे रेखाटन जलरंगात करा आणि जिथे ऊन पडले होते तिथे कागद कोरा सोडा. पहिल्या दोन-तीन कागदांवर रंग नको तिथे पसरेल. चौथ्यावर कदाचित ऊन येईल. ज्यांच्या कागदावर ते येईल त्यांनी ते चित्र चित्रकलेच्या शिक्षकांकडे द्यावे. पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी आम्ही वाट पाहत आहोत.